एकसष्टाव्या दिवसाचे काय?

भाऊबीजेची ओवाळणी ताटात पडली, की मुंबई-पुण्याच्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो: ‘सुट्टीचे चार दिवस उरले आहेत, जायचे कुठे?’ पुष्कळ घरांत त्याचे उत्तरही ठरलेले असते. कोकण रेल्वेने रत्नागिरी, तिथून आरे-वारेच्या वळणावळणाच्या रस्त्याने पंचवीसएक किलोमीटर, आणि समोर गणपतीपुळे! डोंगरालाच गणपती मानून त्याभोवती घातलेली प्रदक्षिणा, पायाशी आलेला समुद्र, दुपारच्या पानात उकडीचा मोदक आणि सवड असली तर शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान. मध्यमवर्गीय माणसाला सुट्टीकडून याहून अधिक काय हवे असते?

मंडळी, या सुखाचा पहिला दरवाजा मात्र समुद्राकडे उघडत नाही. तो उघडतो हॉटेलच्या काउंटरवर. दोन बॅगा, एक पिशवी आणि पेंगुळलेली मुले घेऊन आपण तिथे उभे राहतो आणि काउंटरवरचा माणूस आपल्याकडे न पाहता संगणकाच्या पडद्याकडे पाहतो. पूर्वी तिथे लाल बासनाची वही असे. आता आपले नाव, आगाऊ भरलेले पैसे, खोलीचा क्रमांक, जेवणाचे बिल, सरकारी कराचा हिशेब, सारे त्या यंत्रात असते. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते, तीही त्याच यंत्रावरून. ते यंत्र रुसले, तर चाळीस खोल्यांचे हॉटेल असूनही कुणाला कोणती खोली द्यायची हे सांगायला कुणी उरत नाही.

अशा यंत्राच्या पोटात आजकाल एक ‘फुकट’ वस्तू बसवलेली असते. या लेखाचा विषय ती वस्तू हाच आहे. तिचे नाव थोडे अवजड आहे, पण भिण्याचे कारण नाही. ज्याने चाळ पाहिली आहे, त्याला ती समजायला पाच मिनिटे लागणार नाहीत.

एका वाड्यात चार बिऱ्हाडे

जुन्या वाड्याचा मालक काय करी? घर मोठे, माणसे थोडी. मग मध्ये भिंती घालून चार बिऱ्हाडे ठेवी. प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी, कुलूप वेगळे. पाया आणि छप्पर मात्र एकच. एका बिऱ्हाडात भांडण झाले, तरी दुसऱ्याचे दूध उतू जात नसे.

मोठ्या संगणकाचे, म्हणजे ज्याला सर्व्हर म्हणतात त्याचे, हेच करता येते. हॉटेलात खोल्यांच्या नोंदीचे एक काम, हिशेबाचे दुसरे, आवारातल्या कॅमेऱ्यांचे तिसरे आणि पाहुण्यांच्या वाय-फायचे चौथे. प्रत्येकासाठी वेगळे यंत्र घ्यायचे तर पैसा जातो, वीज जाते, जागा जाते. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत चार यंत्रे गंजतात ती निराळीच. त्यापेक्षा एकच दणकट यंत्र घ्यावे आणि त्यात चार ‘आभासी’ संगणक थाटावेत. प्रत्येकाला वाटते की सारे यंत्र आपलेच आहे. प्रत्यक्षात वर एक कारभारी बसलेला असतो. तो प्रत्येकाला स्मरणशक्तीचा, चकतीवरच्या जागेचा आणि मेंदूच्या वेळेचा वाटा मोजून देतो. या कारभाऱ्याला इंग्रजीत ‘हायपरव्हायजर’ म्हणतात. पूर्वी संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीला ‘सुपरव्हायजर’ म्हणत. तिच्याही वर हा बसला, म्हणून ‘हायपर’. साहेबावरचा मोठा साहेब म्हणा ना!

आता कुणी विचारील, चार खोल्यांच्या घरगुती निवासालाही हा थाट हवा का? मुळीच नको. तिथे एक वही, एक फोन आणि घरच्या माउलीची स्मरणशक्ती पुरते. पण मोठे हॉटेल, शाळा, पतपेढी, दवाखाना, जिथे चार कामे आणि चारही महत्त्वाची, तिथे हा कारभारी आता शहरांत आणि गावांत सर्रास नांदतो.

कल्पना साठ वर्षांची

ही युक्ती कालपरवाची नव्हे. अमेरिकेतल्या केंब्रिज येथील आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात १९६०च्या दशकात ती प्रथम साकार झाली. त्या काळी एकेक संगणक दिवाणखान्याएवढा आणि किंमत एखाद्या गिरणीएवढी. एवढे यंत्र एकाच माणसाने अडवून ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून त्याचे अनेक आभासी वाटे करण्यात आले. १९७२ साली आयबीएमने हीच सोय ‘व्हीएम/३७०’ या नावाने गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली.

पुढे छोटे संगणक स्वस्त झाले, घरोघरी गेले आणि ही विद्या मागे पडली. छोट्या यंत्रांच्या मेंदूची घडण अशी होती, की त्यात भिंती घालणे फार अवघड जाई. ते अवघड काम ‘व्हीएमवेअर’ या कंपनीने करून दाखवले. १९९८ साली कॅलिफोर्नियात पाच जणांनी ती स्थापन केली; डायान ग्रीन आणि मेंडेल रोझेनब्लम हे त्यांतले पतिपत्नी. १९९९ साली त्यांची पहिली वस्तू आली आणि २००१ साली सर्व्हरसाठीची. काही वर्षांतच जगभरच्या कचेऱ्यांतून याच कंपनीचा कारभारी दिसू लागला.

मग २००८ साल उजाडले. त्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘हायपर-व्ही’ नावाचा स्वतःचा कारभारी मैदानात उतरवला. व्हीएमवेअरने जुलैतच आपला ‘ईएसएक्सआय’ फुकट वाटायला सुरुवात केली. दोन दुकानदारांची चढाओढ लागली, की गिऱ्हाइकाच्या पिशवीत चार दाणे जास्त पडतात, हा अनुभव मंडईत जाणाऱ्या प्रत्येकाला आहेच. लहान धंदेवाले, शाळा, विद्यार्थी साऱ्यांनी ही फुकट वस्तू आनंदाने उचलली. वस्तू उत्तम होती, यात वाद नाही. आपल्याला पाहायचे आहे ते तिच्यासोबत आलेल्या कागदाकडे.

साठ दिवस राजेशाही

पुष्कळ वर्षे ईएसएक्सआयची रीत अशी होती. ती बसवताना कुठलीही किल्ली मागत नसे. यंत्र सुरू झाले, की त्या घटकेपासून ६० दिवस चाचणीची मुदत चालू होई. आणि मौज अशी, की या साठ दिवसांत कंपनीच्या सर्वांत महागड्या वस्तूचे सारे गुण आपल्या हाती असत. चालते बिऱ्हाड एका यंत्रावरून दुसऱ्यावर न थांबवता हलवावे, अनेक सर्व्हरांचा कारभार एका खिडकीतून पाहावा, नामांकित कार्यक्रमांकडून रोज रात्री आपोआप प्रती काढून घ्याव्यात. जावयाचा पहिला दिवाळसण जसा, तसे हे साठ दिवस!

खरी फुकट आवृत्ती याहून वेगळी. तिच्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागे. मग पंचवीस अक्षरांची, पाच-पाचच्या पाच गटांतली एक किल्ली मिळे. ती यंत्राच्या ‘मॅनेज’ या सदरातल्या ‘लायसन्सिंग’ या पानावर स्वतः भरावी लागे. किल्ली भरली, की मुदतीची अट जाई आणि वस्तू कायमची फुकट होई. मात्र दिवाळसणाचे सारे लाड त्याच क्षणी बंद होत.

आणि नेमकी इथेच पुष्कळांची गफलत होई. ‘वस्तू फुकट आहे ना? मग झाले!’ असे म्हणून किल्लीच्या भानगडीत कुणी पडतच नसे. बसवणारा तंत्रज्ञ बसवून जाई, मालक धंद्याला लागे आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिवस उतरत राहात: साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

जरा पंचांग उघडून पाहू. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. समजा, साठ दिवसांची अशी वस्तू कुणी त्या मुहूर्तावर बसवली. तिचा साठावा दिवस येतो २५ ऑक्टोबरला आणि एकसष्टावा २६ ला. त्या वर्षी भाऊबीज होती २३ ऑक्टोबरला. म्हणजे दिवाळीची गर्दी गणपतीपुळ्यात ऐन भरात असताना, रविवारच्या दिवशी मुदत संपायची! वर्षाच्या बेगमीतला मोठा वाटा ज्या आठवड्यात मिळवायचा, नेमका तोच आठवडा.

वीज गेल्यावर कळते

बरे, एकसष्टाव्या दिवशी काय होते? इथे एक विलक्षण गोष्ट आहे. त्या दिवशी काहीच होत नाही!

जी बिऱ्हाडे चालू आहेत, ती चालूच राहतात. खोल्यांची नोंद होते, बिले निघतात, कॅमेरे पाहात राहतात. कित्येकांना मुदत संपल्याचा पत्ताही लागत नाही. अट एवढीच असते, की एकदा बंद पडलेले बिऱ्हाड पुन्हा सुरू करता येत नाही. अनेक सर्व्हरांचा कारभार पाहणाऱ्या मुख्य खिडकीशी त्या यंत्राचा संबंधही तुटतो.

मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत ही अट महिनोन्‌महिने झाकलेली राहील. कोकणच्या किनाऱ्यावर नाही राहायची. ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, संध्याकाळी ढग भरतात, विजा कडाडतात आणि गावातले दिवे जातात. विजेच्या साठ्याची पेटी, म्हणजे यूपीएस, अर्धा तास तग धरते. मग तीही मान टाकते. दिवे परत येतात, यंत्र सुरू होते, कारभारी उठून बसतो. पण चार बिऱ्हाडांपैकी एकही उठत नाही. पडद्यावर परवाना संपल्याची एक रुक्ष ओळ येते. रात्रीचे दहा वाजलेले, मुंबईहून निघालेली तीन कुटुंबे रस्त्यात, आणि त्यांना कोणत्या खोल्या द्यायच्या हे त्या बंद दारामागे.

अशा वेळी मालकाच्या पोटात गोळा उठणे साहजिक आहे. म्हणून एक धीराची गोष्ट आधी सांगतो. माहिती पुसली गेलेली नसते. बिऱ्हाडांचे सारे सामान चकतीवर जागच्या जागी असते. बंद असते ते दार. योग्य किल्ली भरली, की दार उघडते आणि आतले सामान जसेच्या तसे मिळते. म्हणून घाबरून यंत्र पुसून नव्याने बसवायला घेऊ नये. तसे केले तर मात्र जे हरवले नव्हते ते खरोखरच हरवेल.

मायक्रोसॉफ्टची तऱ्हा निराळी. त्यांच्या विंडोज सर्व्हरची चाचणी-आवृत्ती १८० दिवस चालते. मुदत सरली, की यंत्र दर तासाला आपणहून बंद होते. ही शिक्षा कडक खरी, पण एका परीने प्रामाणिक. निदान पहिल्याच तासाला कळते.

काही चतुर मंडळी यावर तोड काढतात. दर साठ दिवसांनी सारे नव्याने बसवायचे आणि नव्या मुदतीचा चंद्र पाहायचा. हे कराराला धरून नाही, हे एक. शिवाय वर्षातून सहा वेळा घर मोडून सहा वेळा मांडणाऱ्याचे एखादे भांडे एकदा तरी फुटणारच. आणि कुणाकडून तरी मिळालेल्या चोरीच्या किल्लीवर धंदा उभारणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर मुलाबाळांसह प्रवास करणे. तिकीट तपासनीस कधी येईल, याची गाडीभर धास्ती.

फुकट कारभारी, बिऱ्हाडकरूंचे काय?

किल्ली वेळेवर भरली तरी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ईएसएक्सआयच्या फुकट परवान्यात एका आभासी यंत्राला आठांहून अधिक आभासी मेंदू देता येत नाहीत. चाचणीच्या काळात हौसेने जास्त दिले असतील, तर फुकट परवान्यावर ते बिऱ्हाड उठत नाही. अनेक सर्व्हर एकत्र सांभाळण्याची सोय नाही. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की बाहेरच्या कार्यक्रमांना आत डोकावता येते, हात लावता येत नाही. म्हणून प्रती काढणारे नामांकित कार्यक्रम तिथे चालत नाहीत. साठ दिवस रोज रात्री बिनबोभाट निघणारी प्रत किल्ली भरताच बंद पडते. ती मग प्रत्येक बिऱ्हाडाच्या आतून वेगळी काढावी लागते, किंवा बिऱ्हाड बंद करून त्याचे सामान दुसऱ्या चकतीवर उतरवून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट अशी, की कारभारी फुकट म्हणून भाडेकरू फुकट होत नाहीत. आतल्या विंडोजचा परवाना वेगळा, हिशेबाच्या कार्यक्रमाचा वेगळा. विंडोज सर्व्हरच्या ‘स्टँडर्ड’ परवान्यात दोन आभासी बिऱ्हाडांची सोय असते. तिसरे थाटले तर परवाना आणखी घ्यावा लागतो. एका यंत्रात चार घरे थाटली म्हणून घरपट्टी एकाच घराची, असा हिशेब इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट डागडुजीची. फुकट वस्तूला कंपनीचा आधार नसतो. काही अडले तर फोन करायला जागा नाही. पण कंपनीने काढलेली दुरुस्ती न बसवणे हा दोष आपला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरच्या हजारो ईएसएक्सआय यंत्रांवर खंडणीखोर कार्यक्रमाची धाड पडली. त्याने माहितीला कुलूप घालून पैसे मागितले. धाड ज्या भोकातून आत शिरली असे मानले गेले, ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच काढली होती! पागोळी गळते हे ठाऊक असून दोन पावसाळे कौल न बदलल्यासारखे झाले ते.

वाडा विकला गेला

इथपर्यंतच्या अडचणी सावध माणसाला टाळता येतात. पुढची अडचण अशी, की तीत सावध माणूसही सापडला.

व्हीएमवेअर कंपनी २००४ साली ईएमसीने विकत घेतली; २०१६ साली ईएमसीच डेलच्या पदरात गेली; २०२१ साली व्हीएमवेअर डेलपासून वेगळी झाली; आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने ती सुमारे ६९ अब्ज डॉलरांना घेतली. नवा मालक आला, की वाड्यातल्या भाडेकरूंच्या काळजात धस्स होते. ते उगाच नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एकदा पैसे भरा आणि कायम वापरा’ हे परवाने विकणे बंद झाले. पुढे जे काही घ्यायचे ते मुदतीच्या वर्गणीवर. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, जुलै २००८ पासून चालत आलेला फुकट ईएसएक्सआय बंद केल्याचे जाहीर झाले. त्याच्या जागी दुसरे काही फुकट दिले नाही.

ज्यांच्या यंत्रावर तो बसलेला होता, त्यांचा चालू राहिला. पण यंत्र बिघडले, नवे घेतले, तर नव्याने उतरवून घ्यायला अधिकृत दार उरले नाही. ज्यांनी नियम पाळून, किल्ली भरून, रीतसर फुकट वापर केला होता, त्यांचीही हीच गत झाली.

मग एप्रिल २०२५ मध्ये गंमत झाली. नवी आवृत्ती निघाली, ८.० अपडेट ३ई. तिच्यासोबतच्या बदलांच्या टिपणात, गाजावाजा न करता, एक ओळ छापली होती: फुकट कारभारी पुन्हा मिळेल, ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घ्यावा. चौदा महिने बंद असलेले दार एका ओळीने उघडले. आनंदाची गोष्ट आहे, आणि विद्यार्थ्यांनी तर तिचा लाभ जरूर घ्यावा. पण जे दार एका सूचनेने बंद होते आणि एका ओळीने उघडते, त्याच्या आत आपल्या धंद्याची तिजोरी ठेवायची का, हा विचार शहाण्याने करायलाच हवा.

मायक्रोसॉफ्टकडेही काही वेगळे घडले नाही. ‘हायपर-व्ही सर्व्हर’ ही त्यांची स्वतंत्र फुकट वस्तू २०१९च्या आवृत्तीवर येऊन थांबली. पुढची निघाली नाही. आणि हा केवळ सर्व्हरवाल्यांचा अनुभव नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांचे बारशापासूनचे फोटो गूगलच्या फुकट फडताळात होते. १ जून २०२१ पासून त्या फडताळाला माप लागले. आहे ते गेले नाही, पण पुढचे मोजून घ्यावे लागले.

मेहेरबानी आणि हक्क

फुकट या शब्दाच्या पोटात दोन वेगळे अर्थ आहेत. एक मेहेरबानीचे फुकट आणि एक हक्काचे फुकट. या दोहोंतला फरक रत्नागिरी जिल्ह्याला तरी कुणी समजावून सांगायला नको. खोताच्या मर्जीवर जमीन कसणे आणि सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असणे यांतले अंतर इथल्या कित्येक पिढ्यांनी भोगले आहे. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कायदा झाला तो १९४९ साली. संगणकाच्या परवान्याची कुळांच्या हालअपेष्टांशी बरोबरी करणे हा अतिरेक होईल, आणि तो करण्याचा हेतू नाही. पण प्रश्नाचा साचा ओळखीचा आहे: जिथे मी राबतो ती जागा उद्या कुणाच्या मर्जीने माझ्याकडून जाऊ शकते का?

हक्काचे फुकट म्हणजे काय, तेही पाहू. काही कार्यक्रमांचा मूळ मजकूर उघडा असतो. त्याच्या परवान्यातच लिहिलेले असते, की कुणीही तो वापरावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. लेखकाचा मालकी हक्क राहतो, पण एकदा दिलेल्या आवृत्तीवरचा आपला हक्क तो मागे घेऊ शकत नाही. लिनक्स अशाच परवान्यावर चालते. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘केव्हीएम’ नावाचा कारभारी लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला; इस्रायलमधल्या एका छोट्या कंपनीत त्याचा जन्म झाला होता. त्यावर उभारलेले ‘प्रॉक्समॉक्स’ हे व्हिएन्नाच्या कंपनीचे काम, २००८ पासूनचे. त्याला चाचणीची मुदतच नाही. साठावा दिवस नाही, म्हणून एकसष्टावाही नाही! वर्गणी भरली नसेल तर आत शिरताना ‘आपल्याकडे वैध वर्गणी नाही’ अशी पाटी दिसते. ती पाहून नवखा माणूस दचकतो. पण ती केवळ आठवण आहे, अडसर नव्हे. वर्गणीदारांना दुरुस्त्या अधिक पारखून मिळतात आणि अडल्यावर माणूस मिळतो. बिनवर्गणीवाल्याने दुरुस्त्यांचे ठिकाण बदलून मोकळे ठिकाण निवडायचे असते. ते केले नाही तर दुरुस्त्या येतच नाहीत. एवढी एक गोष्ट विसरू नये.

मार्च २०२४ मध्ये, म्हणजे फुकट ईएसएक्सआय बंद झाल्यावर दीडएक महिन्यात, प्रॉक्समॉक्सने त्याच्यावरची बिऱ्हाडे जशीच्या तशी आपल्याकडे उचलून आणण्याची सोय केली. दुसऱ्याच्या चाळीबाहेर सामानाचा टेंपो उभा करण्यासारखेच हे!

हक्काचे फुकट संकटात कसे उपयोगी पडते, याचे उदाहरण २०१७ सालचे आहे. सिट्रिक्स कंपनीने आपल्या ‘झेनसर्व्हर’च्या फुकट आवृत्तीतल्या काही सोयी त्या वर्षाच्या अखेरीस काढून घेतल्या. पण तिचा मूळ मजकूर उघडा होता. तोच घेऊन फ्रान्समधल्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि २०१८ साली ‘एक्ससीपी-एनजी’ नावाने नवे घर उभे केले. मालकाने दार लावले, तरी आराखडा साऱ्यांजवळ होता.

याचा अर्थ हक्काचे फुकट म्हणजे बिनखर्चाचे, असा नव्हे. परवान्याचे पैसे वाचले, तरी सांभाळणाऱ्या माणसाचे ज्ञान फुकट मिळत नाही. रत्नागिरी परिसरात ज्याला प्रॉक्समॉक्स येते असा माणूस हाताशी नसेल आणि व्हीएमवेअर येणारा असेल, तर हिशेब बदलतो. ज्या धंद्याला एका तासाचाही खंड परवडत नाही, त्याने वर्गणी भरून आधार विकत घेणे हेच शहाणपणाचे. पैसे देणे ही नामुष्की नाही. कशाचे देतो आहोत हे ठाऊक नसणे, ही मात्र आहे.

वहीचे एक पान

मग सामान्य माणसाने करायचे काय? उपाय साधा आहे आणि त्याला संगणक लागत नाही. लाल बासनाची ती जुनी वही टाकून दिली नसेल, तर तिचेच एक पान काढावे. त्यावर लिहावे: कोणता कारभारी बसवला, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला. चाचणीची असेल तर शेवटचा दिवस कोणता. तीच तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, आधीच्या पंधरवड्यातच, लाल शाईने. परवाना कोणत्या जातीचा आणि किल्ली कुठे ठेवली आहे. आत कोणकोणती बिऱ्हाडे आहेत आणि त्यांचे वेगळे परवाने कधी संपतात. अडले तर कुणाला फोन करायचा. तंत्रज्ञ गाव सोडून जातात, नोकऱ्या बदलतात. पान घरात राहते.

दुसरे, यंत्र एकदा मुद्दाम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. पण ते श्रावणातल्या रिकाम्या आठवड्यात, दिवाळीत नव्हे. सारी बिऱ्हाडे उठली तर निर्धास्त व्हावे. न उठली तर दुरुस्तीला हाती वेळ आहे.

तिसरे, माहितीची प्रत. ती काढावी, वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि तिच्यातून माहिती खरेच परत येते का, हे अधूनमधून पाहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात काय केले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा काय झाले, हे कोकणाला आठवते. प्रत त्याच खोलीत ठेवली तर तिचा उपयोग तेवढाच. प्रत अशा रूपातही असावी, की उद्या कारभारी बदलला तरी दुसऱ्याला ती वाचता येईल. खोल्यांच्या नोंदी, गिऱ्हाइकांची नावे, हिशेब, हे आपले सामान आहे. वाडा कुणाचाही असो, सामान हलवता आले पाहिजे.

घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांनी ही विद्या जरूर शिकावी. अडगळीतला जुना संगणकही चालेल. व्हीएमवेअरचे ‘वर्कस्टेशन’ नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना फुकट आहे; प्रॉक्समॉक्स आहेच. चुका करायला, मोडायला, पुन्हा मांडायला अशी फुकट वस्तू फार चांगली. साठ दिवसांची मुदतही शिकण्यासाठी पुरेशी आहे; तिचा खरा हेतूच तो. चाचणी म्हणजे साडी अंगावर धरून आरशात पाहणे. ती नेसून लग्नाला निघून जाणे, हे दुकानदाराला अपेक्षित नसते.

तेव्हा येत्या सुट्टीत गणपतीपुळ्याला गेलात आणि काउंटरवरच्या माणसाने पडद्याकडे पाहून तुमच्या खोलीचा क्रमांक लगेच सांगितला, तर समजा, या घरात कुणीतरी वहीचे ते पान लिहून ठेवले आहे. आणि तुमच्या स्वतःच्या दुकानात, शाळेत, पतपेढीत किंवा घरात एखादी वस्तू ‘फुकट आहे’ म्हणून कुणी बसवून देऊ लागले, तर त्याला चहा जरूर द्या. पण तो संपायच्या आत दोन प्रश्न विचारा. एकसष्टाव्या दिवशी काय होईल? आणि मला निघून जायचे झाले, तर माझे सामान बरोबर नेता येईल ना?